जीपमधली तिसरी अळी

शरद जोशी म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाला कांदा आठवतो. चाकणचं आंदोलन, शेतकरी संघटना, बर्नमधल्या टपाल संघटनेची नोकरी सोडून आंबेठाणला शेती करायला आलेला माणूस. ते शरद जोशी २०१५ साली गेले. मी लिहिते आहे ते दुसऱ्या शरद जोशींबद्दल. ते २१ मे १९३१ रोजी आमच्या उज्जैनमध्ये जन्मले आणि ५ सप्टेंबर १९९१ रोजी मुंबईत वारले. लग्न होऊन इथे आले तेव्हा मीही पहिल्यांच्याच नावावर थबकले होते. शेजारच्या काकू कुणाला तरी सांगत होत्या, "शरद जोशी तो अपने यहीं के थे," आणि मला वाटलं, शेतकरी संघटनेचं मूळ माळव्यात आहे की काय!

या दुसऱ्या शरद जोशींनी हिंदीत हजारो विनोदी लेख लिहिले, दोन गाजलेली नाटकं लिहिली, 'छोटी सी बात' पासून 'दिल है कि मानता नहीं' पर्यंत सिनेमांचे संवाद लिहिले. आणि १९८४ साली दूरदर्शनवर 'ये जो है ज़िंदगी' लिहिली. माझ्या वयाच्या कुठल्याही बाईला ही मालिका विचारा. सतीश शाह सांगेल, स्वरूप संपत सांगेल, रमेशचा की राजाचा घोळ घालत राकेश बेदी सांगेल, सुरुवातीचं गाणं किशोरकुमारनं गायलं होतं हेही सांगेल. लेखक कोण, हे सांगणारी मला अजून भेटलेली नाही. उज्जैनमध्येसुद्धा नाही.

हे नाव असं का विरलं, याचा विचार करताना मी त्यांच्याबद्दल वाचत गेले. त्यातून जे हाती लागलं ते असं.

माळव्याचं मराठीशी नातं शिंद्यांपासूनचं. महाकालाचं आजचं मंदिर राणोजी शिंद्यांच्या काळात त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभं केलं, हे इथला रिक्षावालाही सांगतो. पण देवळांपेक्षा जास्त गुंतागुंत झाली ती भाषेत. गजानन माधव मुक्तिबोध घरात मराठी बोलत उज्जैनमध्ये वाढले आणि हिंदीचे मोठे कवी झाले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत कवी आणि कादंबरीकार झाले. एका घरातून दोन भाषांना दोन कवी. प्रभाकर माचवे इथल्या माधव कॉलेजात शिकवत होते, तेही मराठीभाषक आणि हिंदी लेखक. इंदूरला 'नई दुनिया' हे हिंदी वर्तमानपत्र ज्यांनी घडवलं ते राहुल बारपुते मराठीच. शरद जोशी इंदूरच्या होळकर कॉलेजात शिकले आणि 'नई दुनिया'तच सदर लिहू लागले. त्या लेखांचं पुस्तक 'परिक्रमा' १९५८ साली निघालं. म्हणजे हिंदीतला हा विनोद ज्या आवारात रांगायला शिकला, तिथे ओसरीवर मराठी बोलली जात होती. मराठीनं त्यांना काय दिलं हे मोजून सांगता येणार नाही, आणि उगाच श्रेय ओढून घेण्याची आपल्याला खोड आहे, म्हणून इथेच थांबते.

इंदूरलाच त्यांना इरफाना सिद्दिकी भेटल्या. रेडिओवर आणि रंगभूमीवर काम करणाऱ्या, स्वतः लिहिणाऱ्या. ब्राह्मण मुलगा आणि मुसलमान मुलगी, पन्नाशीच्या दशकातला माळवा. दोघांनी लग्न केलं, तीन मुली झाल्या, त्यांतली नेहा शरद पुढे अभिनेत्री आणि कवयित्री झाली. शरद जोशींनी भोपाळला काही वर्षं सरकारी नोकरी केली आणि मग सोडून दिली. संसार लेखणीवर चालवायचा ठरवला. हिंदीत तेव्हा (आणि मराठीत आजही) हा निर्णय वेडेपणाचा समजला जातो. प्राध्यापकी नाही, पेन्शन नाही. रोजचा लेख लिहायचा, तरच रोजचा भाजीपाला. पुढे मुंबईत 'नवभारत टाइम्स'मध्ये 'प्रतिदिन' हे त्यांचं सदर मृत्यूपर्यंत चाललं. नावाप्रमाणेच रोज. आठवड्याला एक लेख लिहिताना माझी पोळी करपते, म्हणून या 'रोज'चं वजन मला जरा जास्त कळतं.

त्यांची एक गोष्ट हिंदीच्या इतिहासात खरोखर नवी होती. कविसंमेलनाच्या मंचावर ते गद्य वाचायचे. उत्तरेतलं कविसंमेलन ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना यातलं धाडस कळणार नाही. रात्री दहाला सुरू होतं, पहाटेपर्यंत चालतं. मंडपात हजारो माणसं, चहाची टपरी, पान, मुलं मांडीवर झोपलेली. कवी गातो, लोक 'वाह' करतात, ओळ पुन्हा मागतात. तिथे चाल नसलेलं, यमक नसलेलं गद्य घेऊन हातात कागद धरून उभं राहायचं! पण लोक त्यांना ऐकायचे आणि आणखी मागायचे. आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्यानं रंगमंचावर उभी केली, तिथे निदान तिकीट काढून आलेले लोक गद्यच ऐकायला आलेले असत. जोशींसमोरचा माणूस गीत ऐकायला आलेला असे.

त्यांचे लेख मोठ्यानं वाचून पाहिले की युक्ती थोडी कळते. वाक्यं आखूड. एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो, दर वेळी थोडा वेगळ्या जागी. खूप गंभीरपणे, जणू सरकारी अहवाल वाचतोय अशा सुरात एक वेडगळ गोष्ट पुढे पुढे नेली जाते आणि हशा वाक्याच्या शेवटच्या शब्दावर येतो, मधे नाही. मधे आला तर पुढचं ऐकू येत नाही. हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही, मंडपातल्या माणसांकडूनच मिळतं. टीव्हीचा संवाद लिहायला दुसरी कुठलीही शाळा इतकी चांगली झाली नसती.

आता त्या शाळेच्या बाहेरची गोष्ट, म्हणजे टीव्हीची. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरदर्शनचे पहिले प्रयोग सुरू झाले. त्या सुरुवातीच्या मंडळींत पु. ल. होते, ते बी. बी. सी.त शिकूनही आले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्तानं रंग आला आणि मागोमाग देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं भराभर उभी राहिली. ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झाली. मेक्सिकोत मालिकांमधून लोकांना कुटुंबनियोजन शिकवलं गेलं होतं, तोच प्रयोग इथे करायचा म्हणून. लिहिली मनोहर श्याम जोशींनी. त्याच वर्षी 'ये जो है ज़िंदगी' आली, ती शरद जोशींची. आणि आपल्या मुंबई केंद्रावर त्याआधीच 'चिमणराव गुंड्याभाऊ' होऊन गेले होते, ते चिं. वि. जोशींचे. तीन जोशी! देशाच्या टीव्हीला हसवण्या-रडवण्याचं कंत्राट या आडनावानं घेतलं होतं असं वाटावं.

चिं. वि. तर १९६३ मध्येच वारले होते. बडोद्याचे पाली भाषेचे पंडित. आपला चिमण टीव्हीच्या पेटीत दिलीप प्रभावळकरांच्या रूपानं जाऊन बसेल हे त्यांना पाहायला मिळालं नाही. पण उज्जैन-इंदूरच्या मराठी घरांनाही ते पाहायला मिळालं नाही, कारण मुंबई केंद्र इथे दिसायचं नाही. इथल्या मराठी माणसाच्या वाट्याला थेट हिंदी जोशी आले.

'ये जो है ज़िंदगी' शुक्रवारी रात्री लागायची. मी तेव्हा सांगलीकडे, शाळेत. आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं आटपलेली असत, त्यामुळे नऊ वाजता आम्ही पोरं अगदी रिकामी, आणि शेजारच्या ज्या घरी टीव्ही होता त्यांची जेवणं मात्र तेव्हाच चाललेली. ताटं मांडीवर घेऊन ते हसायचे, आम्ही दारात बसून हसायचो. आमच्या आण्णांना हे दारात बसणं आवडायचं नाही. पण एका शुक्रवारी ते बोलवायला आले आणि दाराच्या चौकटीला टेकून पुरा भाग बघूनच परतले.

मालिकेत काय होतं? खरं तर काहीच नाही. रणजित आणि रेणू हे मुंबईतलं जोडपं, आणि रेणूचा बेकार भाऊ राजा, जो त्यांच्याकडेच राहतो. रणजित झालेले शफी इनामदार दापोलीकडचे. रेणू झालेली स्वरूप संपत, १९७९ ची मिस इंडिया. राजा राकेश बेदी. दर आठवड्याला दारावर कुणीतरी नवा माणूस येतो आणि तो प्रत्येक वेळी सतीश शाहच असतो, कधी बंगाली, कधी पंजाबी, कधी आणखी कुणी. साहेबाच्या भूमिकेत टिकू तलसानिया, ज्याचं एक वाक्य त्या वर्षी आमच्या शाळेच्या पटांगणात दर पाच मिनिटांनी ऐकू यायचं. दिग्दर्शनात कुंदन शाह, ज्यांनी वर्षभर आधी 'जाने भी दो यारों' केला होता. आणि पैसे घातले विकोनं. ही पेंढारकरांची मराठी कंपनी, परळमधून १९५२ साली निघालेली. मालिका सुरू होण्याआधी हळदीच्या क्रीमची जाहिरात यायची आणि आम्हा सावळ्या मुलींचं तिकडे मालिकेइतकंच लक्ष असायचं.

इंग्लंडमध्ये या प्रकाराची परंपरा आधीची. रे गॅल्टन आणि अॅलन सिम्प्सन हे दोन पोरसवदा क्षयरोगी एका इस्पितळात खाटांवर पडल्या पडल्या मित्र झाले आणि बरे झाल्यावर जोडीनं लिहू लागले. बी. बी. सी. रेडिओसाठी 'हॅन्कॉक', आणि १९६२ पासून टीव्हीवर 'स्टेप्टो अँड सन', म्हणजे भंगार गोळा करणारे बापलेक. मुलाला या घरातून, या बापापासून सुटायचं आहे आणि ते कधीच जमत नाही. एवढ्यावर वर्षानुवर्षं मालिका चालली. सिम्प्सन २०१७ ला गेले, गॅल्टन २०१८ ला. तिकडे या लेखकांना लोक नावानं ओळखतात. 'येस मिनिस्टर' लिहिणाऱ्या अँटनी जे यांना तर 'सर' किताब मिळाला. तीच मालिका आपल्याकडे फारूख शेखला घेऊन 'जी मंत्रीजी' झाली, 'माइंड युवर लँग्वेज'ची पंकज कपूरला घेऊन 'ज़बान संभालके' झाली. या दोन्हींचं मूळ लिखाण तिकडचं. 'ये जो है ज़िंदगी' मात्र इथलीच होती, आणि ती या सगळ्यांच्या आधीची.

गॅल्टन-सिम्प्सनच्या भंगारवाल्यांकडून एक गोष्ट लक्षात येते. असल्या मालिकेचा पाया विनोदी वाक्यं नसतात. एकमेकांना सोडून जाऊ न शकणारी माणसं एका छपराखाली कोंडली की झालं. बाप-लेक, नवरा-बायको, किंवा बहिणीच्या घरी राहणारा मेहुणा. मेहुण्याला जा म्हणता येत नाही. म्हटलं तर बायको दुखावते, नाही म्हटलं तर महिनाअखेर दुखावते.

शरद जोशींनी हा कोंडमारा मालिकेच्या कितीतरी आधी एका लेखात पकडला होता. 'तुम कब जाओगे, अतिथि'. पाहुण्याचा चौथा दिवस. पहिल्या दिवशी जेवणात दोन भाज्या आणि गोड, दुसऱ्या दिवशीही हौस, सिनेमा. तिसऱ्या दिवशी पाहुणा म्हणतो, कपडे धोब्याकडे टाकायचेत. त्या एका वाक्यानं यजमानाच्या पायाखालची जमीन सरकते, कारण कपडे धुऊन यायला दिवस लागतात. मग संवाद आटतो, विषय संपतात, जेवण खिचडीवर येतं. सारा लेख मनातल्या मनात बोललेला. तोंडानं कुणी काही बोलतच नाही. हा लेख पुढे केंद्रीय शाळांच्या नववीच्या हिंदी पुस्तकात घेतला गेला.

त्यांच्या दुसऱ्या एका लेखापाशी मी जास्त वेळ अडकले. 'जीप पर सवार इल्लियाँ'. इल्ली म्हणजे अळी. माळव्यात हरभऱ्यावर अळी पडल्याची बातमी येते, राजधानीत हालचाल होते, अधिकारी जीप घेऊन शेतांकडे निघतात, आणि लेखक स्वतः त्यांच्याबरोबर गाडीत बसतो. शेतात पोहोचल्यावर अळीपेक्षा ओल्या हरभऱ्याकडेच सगळ्यांचं लक्ष जातं. जुड्या उपटल्या जातात, जीपमध्ये टाकल्या जातात, परतताना सगळे सोलून सोलून खातात. आणि लेखकाला एकदम दिसतं की जीपमधून तीन मोठ्या अळ्या चालल्या आहेत. मी आमच्या नानाखेड्यातल्या वाचनमंडळात हा लेख वाचला तेव्हा बायका 'हरभरा' ऐकल्यापासूनच हसत होत्या, कारण इथे थंडीत ओला हरभरा भाजून खाणं हा उत्सवच असतो. शेवटाला आवाज एकदम बंद झाला. एकीनं हिशेब विचारला, "दोन अधिकारी होते ना? मग तिसरी अळी कोण?"

तिसरी अळी तो स्वतः.

हा हिशेब मला का महत्त्वाचा वाटला, ते सांगण्यासाठी थोडं आमच्या घरातल्या शास्त्राकडे वळावं लागेल. जैन कर्मसिद्धांतात क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय, ते सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्या खालोखाल नऊ 'नोकषाय' सांगितले आहेत, आणि त्या यादीत पहिलंच नाव 'हास्य'. रती, अरती, शोक, भय, जुगुप्सा हे त्यानंतर. म्हणजे हसणं हे आत्म्याला चिकटणारं किटण. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्यव्रताच्या पाच भावना दिल्या आहेत. राग, लोभ, भीती सोडा, आणि थट्टा सोडा, कारण थट्टेत माणूस खोटं बोलून जातो. पाचवी भावना अनुवीचिभाषण, विचार करून बोलणं. आमच्या शास्त्रसभेत एकदा पंडितजींनी हे समजावलं तेव्हा सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी विनोदी लेख लिहिते हे त्यांच्या मनात कुठेतरी खुपत असणार. घरी आल्यावर म्हणाल्या, "पण मग तू लिहितेस ते काय?" उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं.

शोधायला गेले तर आमच्याच परंपरेत एक चमत्कारिक पुस्तक सापडलं, आणि तेही उज्जैनचंच. आठव्या शतकातल्या आचार्य हरिभद्रांचं 'धूर्ताख्यान', प्राकृतात. पाऊस लागून राहिलाय, उज्जैनीच्या एका बागेत पाच ठकसेन आपापला जमाव घेऊन अडकले आहेत, सगळे भुकेले. ठरतं की प्रत्येकानं आपला अनुभव सांगायचा. जो त्याला खोटं म्हणेल त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. मग एकेक जण आकाशाएवढ्या थापा मारतो आणि दुसरा पुराणातले, महाभारत-रामायणातले दाखले देऊन म्हणतो, यात काय अशक्य, तिथेही असंच झालं होतं की! पाचवी असते खंडपाना, बाई. ती सगळ्यांना पेचात पकडते. तिच्या गोष्टीचा शेवट असा की हे चौघे माझेच पळून गेलेले नोकर. खरं म्हणावं तर नोकर ठरतात, खोटं म्हणावं तर जेवण घालावं लागतं. चौघे हरतात. आणि मग त्या सगळ्या जमावाला जेवण मिळवून देते तीही खंडपानाच.

या ग्रंथाचा बारकाईनं अभ्यास केला तो डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी. बेळगावकडच्या सदलग्याचे, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात प्राकृत शिकवणारे. त्यांचं विवेचन मुनी जिनविजयांच्या आवृत्तीसोबत १९४४ साली प्रसिद्ध झालं. आमच्या माहेरच्या भागातल्या माणसानं माझ्या सासरच्या गावातल्या थापांवर एवढं गंभीर काम करून ठेवलं होतं, याचा मला फार आनंद झाला. आणि पाहा ना, पाच माणसं, एक जागा, बाहेर पाऊस, जाता येत नाही, बोलणं एवढंच हातात. बाराशे वर्षांपूर्वी उज्जैनीत शुक्रवारची मालिकाच चालली होती.

म्हणजे एका जैन आचार्यालाही हास्य वर्ज्य वाटलं नाही. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी खंडपानाची गोष्ट पूर्ण ऐकून घेतली, दोनदा हसल्याही. मग म्हणाल्या, "पण ते दुसऱ्यांच्या पुराणांना हसले. आपल्याला कुठे हसले?"

चौथी शिकलेल्या बाईनं बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. हरिभद्र मोठे खरेच, पण 'धूर्ताख्याना'तली सगळी हसू कुंपणापलीकडची आहेत. शरद जोशी जीपमध्ये बसले होते. 'अतिथि'मधला यजमानही कुणी दुसरा नाही, 'मी'च आहे, आणि पाहुण्यापेक्षा त्याचंच मन जास्त उघडं पडतं. थट्टेत खोटं येतं ते बहुधा थट्टा करणारा स्वतःला वगळतो तिथून. स्वतःचं नाव यादीत धरलं की थट्टेलाही अनुवीचिभाषणाच्या जवळपास जाता येत असावं. हा माझा अर्थ आहे, शास्त्राचा नव्हे. पंडितजींना विचारायचं अजून धाडस झालेलं नाही.

ते हसूही नेहमी मऊ नसायचं. त्यांच्या 'एक था गधा उर्फ अलादाद ख़ाँ' या नाटकात नवाबाला आपली लोकप्रियता दाखवायची आहे. अलादाद मेल्याची बातमी येते आणि तो जाहीर करतो की या गरीब प्रजाजनाच्या तिरडीला मी खांदा देणार. तयारी होते, दवंडी पिटते. मग कळतं की अलादाद हे धोब्याच्या गाढवाचं नाव होतं. आता काय करायचं? तर त्या नावाचा एक जिवंत माणूस शोधून काढतात. तिरडी रिकामी जाता कामा नये. पहिल्या अर्ध्या तासात खो खो हसणारं प्रेक्षागृह शेवटी कसं बसतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल.

आणि १९८४ मध्येच, मालिका चालू होती त्याच वर्षी, आणखी एक गोष्ट झाली. शशी कपूरनं निर्मिलेला आणि गिरीश कर्नाडांनी दिग्दर्शित केलेला 'उत्सव' आला. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'वरचा. मराठी माणसाला हे नाटक देवलांच्या संगीत रूपामुळे घरचं वाटतं. पण त्यातलं गाव उज्जैन आहे. वसंतसेनेचा वाडा, चारुदत्ताचं पडकं घर, जुगारी, भिंत फोडताना कलेचा विचार करणारा चोर, सगळे या गल्ल्यांतले. हिंदी संवाद लिहायला बोलावलं ते उज्जैनमध्ये जन्मलेल्या माणसाला. हे कुणी ठरवून केलं असेल असं वाटत नाही, पण दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्याच गावकऱ्यांच्या तोंडी वाक्यं घालताना त्यांना मजा आली असणार. 'मृच्छकटिक'ही मुळात राजामहाराजांची गोष्ट नाही. उधारी, चोरी, जुगाराचं कर्ज, मेहुणा (राजाचा शालक शकार, म्हणजे पुन्हा मेहुणाच!) आणि मातीच्या गाडीसाठी रडणारं पोर. ही माणसं त्यांना परकी नव्हती.

१९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९९१ च्या एप्रिलमध्ये 'नवभारत टाइम्स'चे संपादक राजेंद्र माथुर गेले. तेही इंदूरच्या 'नई दुनिया'तून तिकडे गेलेले. सप्टेंबरमध्ये शरद जोशी गेले. साठ वर्षांचं वय. त्याच वर्षी जुलैत 'दिल है कि मानता नहीं' लागला होता आणि त्याची गाणी त्या पावसाळ्यात जिथे तिथे वाजत होती.

मागे काय राहिलं? पुस्तकं राहिली. 'यथासंभव' हा निवडक शंभर लेखांचा संग्रह भारतीय ज्ञानपीठानं काढलेला, म्हणजे साहू शांतिप्रसाद जैन आणि रमा जैन यांनी उभ्या केलेल्या संस्थेनं. मध्य प्रदेश सरकार त्यांच्या नावानं दरवर्षी सन्मान देतं. सरकारी जीपवर इतकं लिहिलेल्या माणसाच्या नावानं. २००९ मध्ये सब टीव्हीवर त्यांच्या लेखांवरून 'लापतागंज' निघाली, आणि तिच्या नावाखालीच त्यांचं नाव लिहिलेलं असायचं. वारल्यावर अठरा वर्षांनी का होईना, लेखकाचं नाव पडद्यावर ठळक दिसलं. 'ये जो है ज़िंदगी'चे काही भाग आजही मोबाईलवर बघायला मिळतात, खरखरीत, रंग उडालेले. तिकडे बी. बी. सी.नं तर फिती महाग म्हणून जुने कार्यक्रम पुसून त्यावर नवे टेपले, 'हॅन्कॉक'चेही काही भाग त्यात गेले. नाटक संपलं की पडदा पडतो, संहिता उरते. मालिकेची संहिता कुणी छापत नाही. लोकांना चेहरे आठवतात, कारण चेहरे दिसतात.

उज्जैनमध्ये दर १ एप्रिलला टेपा संमेलन भरतं. टेपा म्हणजे माळवीत भोळसट, खुळा माणूस. व्यंग्यकार डॉ. शिव शर्मांनी हे सुरू केलं. मोठमोठ्या लोकांना विचित्र पगड्या घालून मंचावर बसवतात, खोट्या पदव्या देतात, हजारो लोक हसायला जमतात. महाकालाच्या गावात मूर्खपणाचा हा मेळा लोक तितक्याच निष्ठेनं करतात. गावाला हसण्याची सवय आहे, तेव्हा जोशींचं नाव नसलं तरी त्यांच्या मातीची काळजी नाही.

आमच्या पुतण्याला गेल्या वर्षी नववीला तो 'अतिथि' धडा होता. लेखकपरिचयात पहिल्याच ओळीत उज्जैन वाचून तो ओरडत स्वयंपाकघरात आला, "काकू, हे तर आपल्या इथले निघाले!" मग त्यानं धडा मला मोठ्यानं वाचून दाखवला. ओट्यापाशी मी, देवघराच्या दारात सासूबाई. तेव्हा बैठकीच्या खोलीत नांदेडहून आलेले चौघे पाहुणे महाकालदर्शनाचं ऑनलाइन बुकिंग बघत बसले होते, म्हणून त्याला हळू वाच म्हणून खुणावलं.

२०२२ मध्ये महाकाल लोक झाल्यापासून उज्जैनच्या प्रत्येक घरात हा धडा रोज गिरवला जातो. नानाखेड्याचं बसस्टँड आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे इंदूरहून उतरलेला कुठलाही नातेवाईक सामानासकट थेट दारात येतो. भस्मारतीचा पास पहिल्या दिवशी मिळत नाही, दुसऱ्या दिवशी ओंकारेश्वर, तिसऱ्या दिवशी पुन्हा पासाचा प्रयत्न. तिसऱ्या दिवशी मी गच्चीवरच्या दोरीकडे बघते. तिथे अनोळखी शर्ट वाळत असला की सासूबाई काही न बोलता खिचडीचे तांदूळ काढून ठेवतात.

२०२८ ला सिंहस्थ आहे. आतापर्यंत तीन फोन येऊन गेलेत.